एक इंजिन तरी ठेवा!

मागच्या महिन्यात आपल्या एरोमॉडेलिंग क्लबच्या मीटिंगमध्ये एक ठराव पास झाला. क्लबच्या कपाटात पडलेली दोन्ही ग्लो इंजिनं विकायची आणि त्या पैशांत बॅटऱ्या आणि एक चांगला चार्जर घ्यायचा. हात वर करून मतदान झालं. सतरा विरुद्ध तीन. त्या तिघांतली मी एक. नोटीस बोर्डावर लागलेली आहे, पण सरांची सही अजून व्हायची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी हा विषय आमच्याकडे पी.टी.च्या आणि लंच ब्रेकच्या मधे कुठेतरी असायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी मी संपादक मंडळावर टाकून मोकळी झाले आहे. तरीही हा लेख इंग्लिश सेक्शनला न देता इथे दिलाय, त्याला कारण आहे. ते पुढे येईलच.

आधी समोरच्या पार्टीचं म्हणणं, कारण ते बरंचसं बरोबर आहे. उडवायला इलेक्ट्रिक चांगलंच. बॅटरी लावली, स्टिक पुढे केली, विमान गेलं. ग्लो इंजिनाचा आवाज असा की बॉइज होस्टेलचे रेक्टर एकदा स्लिपर घालून ग्राउंडवर आले होते. उडवून झाल्यावर अर्धा तास विंगवरचं तेल पुसत बसायचं. प्रॉपेलरने बोट कापण्याची भीती वेगळी. आणि स्पर्धांचं म्हणाल तर तिथेही वारं फिरलंय. एसएई एरो डिझाइनच्या रेग्युलर क्लासमध्ये एकेकाळी ठरावीक ग्लो इंजिनच लावायची सक्ती असायची, पुढे त्याच क्लासमध्ये इलेक्ट्रिक मोटर आणि १००० वॅटचा लिमिटर आला. तेव्हा फ्लाइंगसाठी क्लब इलेक्ट्रिकवर जाणार असेल तर माझं काहीच म्हणणं नाही. मी स्वतः इलेक्ट्रिकच उडवते.

माझं भांडण वेगळं आहे. ते इंजिन क्लबने उडवण्याचं साधन म्हणून मोजलं आणि निकामी ठरवलं. शिकण्याचं साधन म्हणून ते कोणी मोजलंच नाही. आणि त्यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याच्या कार्ब्युरेटरची एक सुई.

आता कॉम्प आणि ई अँड टीसीवाल्यांनी लगेच पान उलटू नये, तुमचंही काम पुढे आहे. ग्लो इंजिन म्हणजे मुठीत मावणारं टू-स्ट्रोक इंजिन. क्लबची दोन्ही इंजिनं ०.४६ घन इंचाची, म्हणजे आपल्या हिशेबात साडेसात सीसी. स्प्लेंडरच्या ९७ सीसीच्या तेराव्या हिश्श्याएवढं. याला स्पार्क प्लग नाही, इग्निशन कॉइल नाही. हेडमध्ये एक ग्लो प्लग असतो, त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूची केसासारखी तार, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. सुरू करताना तिला दीड व्होल्टचा सेल लावायचा, ती लाल होते. इंजिनाने पकडलं की सेल काढून घ्यायचा. पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमवर मेथॅनॉलची होणारी कॅटॅलिटिक रिअॅक्शन यांच्या जोरावर तार तापलेलीच राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल विमानांच्या पाठीवरचं बॅटरी-कॉइलचं ओझं उतरलं. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगवाल्यांनी वापरली ती बरीचशी डिझेल मॉडेल इंजिनं, केरोसीन, ईथर आणि एरंडेलावर चालणारी. तो आणखी एक वेगळाच प्रकार. असो.

ग्लोचं इंधन म्हणजे साधारण ८० टक्के मेथॅनॉल आणि २० टक्के एरंडेल तेल. हो, तेच, लहानपणी आजी नाक दाबून पाजायची ते! इंजिनाला थोडा जोर यावा आणि आयडलिंग सुधारावं म्हणून काही जण नायट्रोमिथेन घालतात, पण ते महाग आणि आपल्या कामाला नसलं तरी चालतं. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, की या इंजिनाला वेगळं ऑइल नाही. ना संप, ना ऑइल पंप. बेअरिंगला, पिस्टनला जे तेल मिळतं ते इंधनातून येतं तेवढंच. शिवाय मेथॅनॉलचं बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता ओढून घेतं, म्हणजे इंजिन गार ठेवायचं कामही इंधनच करतं. तेव्हा इंधन कमी केलं की जळायला कमी, वंगणाला कमी आणि थंडाव्याला पण कमी. तिन्ही एकदम.

आणि हे सगळं ठरवते ती सुई. कार्ब्युरेटर अंगठ्याच्या पेराएवढा. फ्लोट चेंबर नाही. मधे भोक असलेला एक दांडा फिरतो, तो थ्रॉटल. बाजूने एक बारीक टोकाची सुई आत शिरते, ती हाय-स्पीड नीडल. तिच्या टोकाशी उरलेल्या फटीतून इंधन जातं. आय.सी. इंजिन्सच्या पेपरला आपण सिंपल कार्ब्युरेटरचं जे दोन पानी डेरिव्हेशन लिहितो, त्यातला सी-डी गुणिले ए म्हणजे ही फट. गणेशनच्या पुस्तकात ती एका ओळीत येऊन जाते. दुसरी सुई लो-स्पीडची, आयडलिंगसाठी. आधी मोठी लावायची मग छोटी, आणि छोटी लावल्यावर पुन्हा एकदा मोठी तपासायची. उलट क्रमाने गेलात तर दुपार वाया!

पद्धत सांगते. सुई हलक्या हाताने बंद होईपर्यंत फिरवायची, मग दोन ते अडीच फेरे उघडायची. इंजिन सुरू करून थोडं तापू द्यायचं आणि फुल थ्रॉटल द्यायचं. सुरुवातीला मिश्रण मुद्दामच रिच ठेवलेलं असतं, म्हणून सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तेलाचे थेंब उडतात आणि आवाज येतो घोगरा, गुरगुरल्यासारखा. याला फोर-सायकलिंग म्हणतात. इंधन एवढं जास्त असतं की टू-स्ट्रोक असूनही इंजिन साधारण एक फेरा सोडून एक फायर होतं. मग सुई एकेक क्लिक बंद करत जायची. आवाज मधेच मोकळा होतो, परत गुरगुरतो, परत मोकळा होतो, आणि एका क्लिकला एकसारखा, खणखणीत होतो. आणखी दोन-चार क्लिक, आरपीएम वाढत जातो. मग एक जागा येते जिथे तो वाढायचा थांबतो. त्यापुढे बंद केलीत तर आवाज बारीक, कोरडा होतो, धूर नाहीसा होतो, आणि काही सेकंदांत इंजिन दम सोडायला लागतं. ती वरची जागा सापडली की सुई पुन्हा उघडून आरपीएम दोन-तीनशेने खाली आणायचा आणि तिथे सोडून द्यायचं.

हे वाचायला सोपं आहे. करताना गंमत वेगळीच. मला रिच आणि लीन हे दोन शब्द माहीत होते. (मराठीत लीन म्हणजे नम्र ना? आमचं इंजिन लीन झालं की अगदीच उर्मट वागतं.) पण या दोन शब्दांच्या मधे जे पंधरा-वीस प्रकारचे आवाज असतात त्यांना माझ्याकडे नावंच नव्हती. आणि ज्या आवाजाला नाव नाही तो लक्षातही राहत नाही, हा माझा अनुभव. नावं मला मिळाली गेटसमोरच्या गॅरेजवाल्या काकांकडे. त्यांच्याकडे एक जुनी आरएक्स-१०० दुरुस्तीला आली होती. ती पण टू-स्ट्रोकच, फक्त तिच्यात ऑइलचा पंप वेगळा. काकांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"ताई, स्क्रूकडं नका बघू. गाडी काय बोलतीय ते ऐका. घसा बसल्यागत वाटतंय का?"

मी म्हटलं, हो.

"मग जरा हवा सोडा. अजून. अजून एक पाव... हां. आता मोकळी झाली. आता ह्याच्या फुडं गेलात की कोरडी पडंल."

घसा बसणं, भरून येणं, घुसमटणं, मिसिंग मारणं, मोकळी होणं, कोरडी पडणं! आमच्या पुस्तकात एअर-फ्युएल रेशोचा एक आकडा असतो, काकांकडे त्याच्या आजूबाजूची अख्खी वस्ती आहे. पुढच्या शनिवारी क्लबचं इंजिन स्टँडवर लावल्यावर मी ज्युनियर्सना "लीन करा" असं सांगितलंच नाही. "घसा मोकळा होईपर्यंत बंद करत जा" म्हटलं आणि एफईच्या पोराने पहिल्याच खेपेला बरोबर जागेवर आणून थांबवलं. म्हणून हा लेख मराठीत.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. मीटिंगमध्ये एका सिनियरने विचारलं की हे कानाने ऐकणं वगैरे कशाला, टॅकोमीटर लावा. फोनवर आवाजावरून आरपीएम सांगणारी अॅप्स पण आहेत. डेटा लॉग करा, कर्व्ह फिट करा, ऑप्टिमम पॉइंट काढा, झालं. त्या सिनियरबद्दल मला आदर आहे आणि कर्व्ह त्याने जरूर काढावा, कारण माझा सगळा मुद्दा त्या कर्व्हवरच उभा आहे.

आडव्या अक्षावर सुई घ्या, उभ्यावर आरपीएम. आलेख डोंगरासारखा येतो. एका बाजूला रिच उतार, वर शिखर, दुसऱ्या बाजूला लीन उतार. समजा शिखर ११,८०० ला आहे. मग ११,५०० हा आकडा तुम्हाला दोन ठिकाणी सापडेल, अलीकडच्या उतारावर आणि पलीकडच्या उतारावर. अलीकडच्या ११,५०० ला इंजिन वर्षानुवर्षं चालेल. पलीकडच्या ११,५०० ला तेल कमी पडतंय, हेड तापतंय, आणि इग्निशनचं टायमिंग वेगळं लावायची सोयच नसल्यामुळे तापलेलं मिश्रण लवकर पेटून आणखी तापतंय. असं चालवलेल्या इंजिनाचा पिस्टन आणि लायनर यांच्यातला घट्टपणा एकदा गेला की गेला, तो परत येत नाही. टॅकोमीटर दोन्हीकडे ११,५०० च दाखवणार. तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात हे तो सांगत नाही.

ते कळायला काहीतरी ढकलून बघावं लागतं. इथे ते अगदी साधं आहे: टाकीतून येणारी इंधनाची नळी बोटांनी क्षणभर चिमटायची आणि सोडायची. म्हणजे आपण मिश्रण क्षणभर लीन केलं. आवाज आधी चढला आणि मग पडला, तर आपण रिच बाजूला होतो, ठीक आहे. न चढता सरळ पडला, तर आपण शिखरावर किंवा पलीकडे आहोत, ताबडतोब सुई उघडा. एवढंच. दोन बोटं आणि अर्धा सेकंद. थर्मोकपल लावला तर तोही सांगेल, मान्य आहे, पण तो सांगेपर्यंत हेड तापून झालेलं असतं.

आता ई अँड टीसीवाले, ऐका. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जवळपास गेलाच. आमच्या बॅचमधले बहुतेक जण गाडी शिकले तेव्हा घरात फ्युएल इंजेक्शनची गाडी आलेली होती. त्याबद्दल मला रडायचं नाही, धूर कमी झाला ही चांगलीच गोष्ट. पण इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू काय करतो? एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. साधा सेन्सर रिच असेल तर साधारण ०.९ व्होल्ट देतो, लीन असेल तर ०.१ च्या आसपास, आणि मधल्या रेषेवर झपकन उडी मारतो. नक्की रेशो किती हे तो नीट सांगू शकत नाही, पण कुठली बाजू हे चोख सांगतो. मग ईसीयू थोडं इंधन कमी करतो, सेन्सर लीन म्हणाला की थोडं वाढवतो, रिच म्हणाला की परत कमी. दिवसभर हेच चाललेलं असतं. त्याची मधली रेषा आणि आपलं शिखर एकाच जागी नसतात, पण सवाल तोच: मी कुठल्या बाजूला आहे? कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला फीडबॅकचा ब्लॉक डायग्राम आपण सगळेच काढतो, बाण कुठे वळवायचा तेही पाठ असतं. पण त्या बाणातून नेमकं काय वाहतं हे मला नळी चिमटल्यावर कळलं.

मागच्या सेमिस्टरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी आमच्या बॅचला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. कार्ब्युरेटर मे महिन्यात लावला आणि डिसेंबरच्या पहाटे तसाच चालवला, तर मिश्रण रिच होईल की लीन? बहुतेकांनी बोर्डावर डेरिव्हेशन लिहायला घेतलं. सरांनी खडू काढून घेतला. दिशा विचारलीय, फॉर्म्युला नाही! क्लबमधल्या दोघांनी जागच्या जागी उत्तर दिलं, कारण त्यांनी ते हाताने केलं होतं. हिशेब आहेच: ३८ डिग्रीची हवा आणि १० डिग्रीची हवा यांच्या घनतेत ३११ भागिले २८३, म्हणजे जवळपास १० टक्क्यांचा फरक. थंडीत तेवढ्याच फटीतून जाणारी हवा वजनाने जास्त, इंधन जवळपास तेवढंच, म्हणून मिश्रण लीन. सुई थोडी उघडा. पुण्याचंही तसंच. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहोत, इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाचेक टक्के विरळ. इथे लावलेली सुई घेऊन कोकणात गेलात आणि तशीच ठेवलीत, तर तिथे इंजिन कोरडं पडणार. दमटपणा थोडा उलट्या बाजूला ओढतो, तेव्हा शेवटी तिथे उभं राहून ऐकायचंच.

आणि नाक वर करून बघायची टेस्ट तर मला सगळ्यात आवडते. सुई लावून झाली की एकाने विमान घट्ट धरून, फुल थ्रॉटलवर, नाक सरळ आकाशाकडे करायचं, दहा सेकंद. जमिनीवर टाकी आणि सुई एका पातळीवर असतात. नाक वर केलं की टाकी वीस सेंटिमीटर खाली जाते आणि इंधनाला तेवढं वर चढावं लागतं. घनता ०.८२ धरा, दीड किलोपास्कलच्या वर दाब कमी पडतो. सायलेन्सरमधून टाकीला प्रेशरची नळी दिलेली असते, ती थोडं सावरते, पूर्ण नाही. म्हणजे नाक वर केलं की मिश्रण लीन होणारच. आपण रिच उतारावर दोन-तीनशे आरपीएम सोडून थांबलो असू, तर आवाज जरासा चढतो आणि टिकतो. शिखरावर हावरटासारखे थांबलो असू, तर आवाज ढासळतो. हवेत ढासळला असता तर इंजिन बंद आणि विमान हाताबाहेर. ते दोन-तीनशे का सोडायचे हे मी ज्युनियर्सना तोंडाने सांगत नाही, नाक वर करायला लावते. इथे फ्लुइड मेकॅनिक्समधलं रो-जी-एच कानाने ऐकू येतं. त्या पेपरला केटी लागलेल्यांनी खास यावं.

इलेक्ट्रिकमध्ये यातलं काहीच नाही. ते त्याचं गुणवैशिष्ट्यच आहे. मोटर फिरते किंवा फिरत नाही. बॅटरीचा आकडा खाली आला की उतरायचं. आकड्याचा अर्थ एकच असतो, त्यामुळे आकड्याच्या मागे बघायची वेळ येत नाही. चार वर्षं आपण बहुतेक असेच आकडे बघतो. जर्नलमधली रीडिंग्ज तर (सर, माफ करा) मागच्या वर्षीच्या जर्नलमधून येतात. ग्लो इंजिनाचं रीडिंग मागच्या वर्षीचं चालत नाही. मागच्या तासाचं पण चालेलच असं नाही.

तर माझी मागणी. दोनपैकी एक इंजिन विका, एक ठेवा. विमानावर लावू नका, वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये जाड लाकडी स्टँडवर कायमचं बोल्ट करा. आठवड्यातून एक शनिवार, दुपारी चार ते सहा. त्या वेळी होस्टेलमध्ये झोपलेलं कोणी नसतं (असेल तर उठायला हवं), आणि लेडीज होस्टेलच्या इन-टाइमच्या आत आमचं पण आटपतं. कुठल्याही ब्रँचच्या पोराने-पोरीने यावं, सुई पूर्ण उघड्यापासून सुरू करून शिखर शोधावं, मागे यावं, नळी चिमटून दाखवावी. सर्टिफिकेट नको, मार्क नकोत. मार्क ठेवले की याचंही जर्नल होईल.

मेथॅनॉलचं काय, हा प्रश्न स्टाफरूममधून येणार हे मला माहीत आहे आणि तो यायलाच हवा. मेथॅनॉल विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली, ती मेथॅनॉलनेच. त्यामुळे ते क्लबच्या कपाटात कोकच्या बाटलीत ठेवणं बंद झालंच पाहिजे. हे मी कालच्या मीटिंगमध्ये पण बोलले. ते केमिस्ट्रीच्या स्टोअरमध्ये, कुलपात, रजिस्टरवर नोंद करून, लेबल लावलेल्या कॅनमध्येच राहील आणि शनिवारी लागेल तेवढंच मोजून बाहेर येईल. मिसळताना ग्लोव्ह्ज आणि उघडी हवा. पेटलं तर उन्हात त्याची ज्वाळा जवळपास दिसत नाही, म्हणून शेजारी पाण्याची भरलेली बादली. मेथॅनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे पाणी इथे उपयोगी पडतं.

प्रॉपेलरचं पण सांगते. ११ इंची प्रॉपेलर ११,००० आरपीएमला फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १६० मीटरच्या आसपास येतो. गणित स्वतः करून बघा, म्हणजे भीती नीट बसेल. सुईला हात घालायचा तो नेहमी मागून. प्रॉपेलरच्या रेषेत, बाजूला, कोणीही उभं राहायचं नाही. ओढणी, लॅनयार्ड, आयडी कार्डाची दोरी, सगळं काढून ठेवायचं. डोळ्यांना गॉगल. सुरू करायला बोट वापरायचं नाही, स्टार्टर किंवा काठी.

राहता राहिला पैशांचा प्रश्न, कारण खजिनदार महाशयांनी मीटिंगमध्ये "इंधनाचा खर्च कोण करणार" एवढंच विचारून बसून घेतलं होतं. एवढं इंजिन फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण २५ ते ३० मिली पितं. म्हणजे लिटरमध्ये ३५ ते ४० मिनिटं. एकेकाला पाच मिनिटं दिली तर एका लिटरमध्ये सात-आठ जण. महिन्याला चार शनिवार, चार लिटर, तीसेक जण. चार्जर आणि बॅटऱ्या एका इंजिनाच्या पैशांत बसत नसतील तर एक बॅटरी कमी घ्या.

दोनांतलं कुठलं ठेवायचं तेही बघून ठेवलंय. गार असताना हाताने प्रॉपेलर फिरवला की ज्याचा पिस्टन वर येताना घट्ट अडतो ते. दुसऱ्याचा सैल झालाय, कोणीतरी आधीच्या बॅचमध्ये पलीकडच्या उतारावर बरंच चालवलेलं दिसतंय. चांगल्यात आफ्टर-रन तेल घालून ठेवलं आहे, नाहीतर उरलेलं मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बेअरिंग गंजतात. येत्या शनिवारी चार वाजता ते शेडमध्ये स्टँडवर असेल. सरांनी सहीच्या आधी एकदा यावं, आणि त्या सतरांनी पण. कानात घालायला कापूस आणा.